लघवीत साखर चार प्लस, रक्तात ११२. किडनी नक्की कुणाच्या बाजूनं आहे?

कृष्णाकाठ
नमस्कार मंडळी. प्रश्न वडिलांचा आहे. वय ६८, मधुमेह १४ वर्षांचा, अंगानं काटकुळे. दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी मेटफॉर्मिनच्या जोडीला डापाग्लिफ्लोझिन १० मिग्रॅ सुरू केली. परवा तपासण्या केल्या. उपाशीपोटी ११२, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ७.१, म्हणजे बाबांच्या हिशेबात डिस्टिंक्शन. पण लघवीच्या रिपोर्टात शुगरच्या पुढे अधिकची चार चिन्हं! लॅबमधल्या मुलानं तिथे बोट ठेवून "काका, साखर लई वाढलीय बघा" असं सांगितलं आणि झालं. त्या दिवसापासून भात बंद, संध्याकाळचा चहा बंद आणि "या नव्या गोळीनंच वाढली" म्हणून गोळीही बंद. आत्यानं फोनवरून दुजोरा दिलाय, त्यामुळे आता माझं कोण ऐकतंय.

गंमत म्हणजे काही वर्षांपूर्वी नेमकं उलटं झालं होतं. रक्तात २०४ आणि लघवीत 'निल'. तेव्हा बाबा महिनाभर सगळ्यांना सांगत होते की लघवी स्वच्छ आहे, रक्ताचं मशीन बिघडलंय. म्हणजे रक्तात जास्त तेव्हा लघवीत नाही, आणि रक्तात बरी तेव्हा लघवीत चार प्लस. हे काय गौडबंगाल आहे?

दुसरं, डॉक्टर 'इन्शुलिन रेझिस्टन्स' म्हणाले. तो जाड माणसांना असतो ना? बाबांचं वजन ५८ किलो आहे.

पोह्यावर_लिंबू
आत्याला आधी ब्लॉक करा. बाकी उपचार नंतर.

नाडीपरीक्षक
(नावावर जाऊ नका, साधा एमडी मेडिसिन आहे. नाडी बघतो, पण घड्याळ लावून.)

बाबांच्या डॉक्टरांना आजच फोन करा आणि गोळी परस्पर बंद झालीय हे सांगा. ते चार प्लस म्हणजे गोळी काम करतेय याची पावती आहे. माझा एखादा पेशंट ही गोळी घेतोय म्हणाला आणि लघवीत साखर दिसली नाही, तर मी त्याला विचारतो की गोळी खरंच घेताय की उशीखाली ठेवताय. लॅबमधल्या मुलाला दोष देऊ नका, खरं तर गोळी लिहून देतानाच हे सांगायला हवं होतं.

आता किडनीचं. दिवाळीच्या साफसफाईच्या दोन पद्धती असतात. एक, कपाट उघडून नको ते शोधायचं आणि टाकायचं. दुसरी, आख्खं घर अंगणात काढायचं, हवं ते परत आत न्यायचं आणि उरेल ते भंगारवाल्याला द्यायचं. किडनी दुसऱ्या पद्धतीची. दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी ती रक्तातून गाळून बाहेर काढते. लघवी होते दीड-दोन लिटर. बाकीचं सगळं परत आत. साखरही त्या पाण्याबरोबर बाहेर येते. रक्तात १०० साखर म्हणजे डेसिलिटरला १०० मिलिग्रॅम, म्हणजे लिटरला एक ग्रॅम. म्हणजे रोज १८० ग्रॅम साखर अंगणात येते, जवळजवळ वाटीभर. आणि निरोगी माणसाच्या लघवीत त्यातला चिमूटभरही सापडत नाही.

ती आत नेणारे हमाल म्हणजे नलिकेच्या सुरुवातीला बसलेली एसजीएलटी-२ नावाची प्रथिनं. ९० टक्के माल ती उचलतात. राहिलेला १० टक्के पुढच्या टप्प्यावरचे एसजीएलटी-१ उचलतात. हमाल साखर एकटी नेत नाही, बरोबर सोडियमही उचलतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हमालांची ताकद संपते तो आकडा साधारण १८०. त्याच्या वर रक्तातली साखर गेली की माल अंगणात पडून राहतो आणि लघवीतून जातो. पुस्तकात हा उंबरठा. पण मधुमेह जुना झाला की किडनी काय करते? रोज जास्त साखर येतेय म्हणून जास्त हमाल कामाला लावते! दुष्काळात जन्म काढलेली आजी घरात पोती भरलेली असली तरी सांडलेला दाणा न् दाणा वेचते, तसं. जी साखर सोडून द्यायला हवी तीच इमानेइतबारे आत. उंबरठा २००, २२० वर सरकतो. बाबांच्या २०४ ला लघवी 'निल' होती ती यामुळे. मशीन बरोबर होतं.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या एसजीएलटी-२ हमालांना सुट्टीवर पाठवतात. मग रक्तात ११२ असली तरी साखर लघवीत येते, दिवसाला ६० ते ८० ग्रॅम. पाच ग्रॅमचा चमचा धरला तर बारा ते सोळा चमचे.

पोह्यावर_लिंबू
म्हणजे बाबा रोज आठ कप गोड चहा बाहेर सोडतायत आणि स्वतः मात्र बिनसाखरेचा पितायत. अन्याय आहे.

तिरकस
साखर मुतून टाकायची आणि याला उपचार म्हणायचं? नळ तसाच वाहता ठेवून मोरीचं भोक मोठं करण्यासारखं आहे हे. मूळ दुखणं इन्शुलिन रेझिस्टन्सचं. ते जागच्या जागी. कंपन्यांनी आकडा खाली आणून दाखवला की डॉक्टर खूश, पेशंट खूश.

नाडीपरीक्षक
तिरकस, अर्धं बरोबर आहे तुमचं, म्हणून आधी त्या अर्ध्यावर येतो.

जेवणानंतरची साखर सगळ्यात जास्त खपते ती स्नायूंत. इन्शुलिन पेशीच्या दारावर थाप मारतं, आतून साखर घेणारी दारं पृष्ठभागावर येतात, साखर आत जाते. स्नायूत आणि यकृतात नको तिथे चरबी साठली की ही थाप आतपर्यंत पोचत नाही. पेशी इन्शुलिनला दाद देत नाहीत, हाच रेझिस्टन्स. मग स्वादुपिंड दुप्पट, तिप्पट इन्शुलिन ओततं आणि साखर नॉर्मल राखतं. हे पाच-दहा वर्षं चालू शकतं, रिपोर्ट स्वच्छ येत राहतो. स्वादुपिंड दमलं की मग आकडा वर यायला लागतो, आणि आपण म्हणतो "गेल्या वर्षीपर्यंत काही नव्हतं हो".

यकृताचीही तीच तऱ्हा. रात्री ते साखर बनवून रक्तात सोडतं, इन्शुलिननं "पुरे" म्हटलं की थांबतं. दाद देईनासं झालं की थांबत नाही. रात्री नऊला दोन भाकऱ्या खाऊन झोपलेल्या माणसाची साखर सकाळी झोपतानाच्यापेक्षा जास्त येते ती यामुळे. पेशंट शपथेवर सांगतात, "रात्री उठून काही खाल्लं नाही". खरं बोलत असतात.

आणि ही गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते: किडनीही साखर बनवते. रात्रभराच्या उपासानंतर रक्तात येणाऱ्या नव्या साखरेचा साधारण पाचवा हिस्सा तिचा असतो. इन्शुलिनचं "पुरे" तिलाही ऐकू यायला हवं, मधुमेहात नीट येत नाही. पण गंमत बघा, इन्शुलिन किडनीला "मीठ धरून ठेव" असंही सांगत असतं, आणि तो निरोप मात्र बऱ्यापैकी पोचतो. म्हणजे साखरेच्या बाबतीत बहिरी, मिठाच्या बाबतीत तिखट कानाची. अंगात इन्शुलिन दुप्पट, त्यामुळे मीठही जास्त धरलं जातं. रेझिस्टन्सवाल्यांचा रक्तदाब वर असण्यामागचं हे एक कारण.

आता तुमच्या मोरीच्या भोकाबद्दल. २०१५ साली एम्पाग्लिफ्लोझिनची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. आधीच हृदयविकार असलेल्या मधुमेहींवर केलेली. औषध हृदयाला अपाय करत नाही एवढंच दाखवायचं होतं. निघालं भलतंच: हृदयविकारानं होणारे मृत्यू ३८ टक्क्यांनी कमी. नुसत्या साखरेच्या आकड्यानं हे होत नाही, कारण आकड्यातला फरक किरकोळ होता. पुढे २०२० मध्ये डापाग्लिफ्लोझिनची किडनीवरची चाचणी आली. त्यातल्या साधारण एक तृतीयांश लोकांना मधुमेह नव्हताच! तरीही किडनी टिकली.

का, ते त्या हमालाच्या दुसऱ्या खांद्यावर आहे. मधुमेहात जास्त हमाल साखरेबरोबर सोडियमही सगळं आधीच उचलून नेतात. नलिकेच्या पुढच्या टोकाला एक पहारेकरी आहे, तो सोडियम मोजतो. त्याच्यापर्यंत सोडियम पोचतच नाही, म्हणून त्याला वाटतं रक्त कमी गाळलं जातंय. तो येणारी रक्तवाहिनी सैल करतो. गाळणीवर दाब वाढतो. ही पहिली काही वर्षं किडनी नेहमीपेक्षा जास्त काम करत असते, क्रिएटिनिन (किडनीनं बाहेर टाकायचा कचरा, साचला की रक्तातला आकडा वाढतो) छान दिसतं, आणि त्या दाबाखाली गाळणीची जाळी फाटत जाते. हमाल सुट्टीवर गेले की सोडियम पहारेकऱ्यापर्यंत पोचतं, तो वाहिनी आवळतो, दाब उतरतो. म्हणून गोळी सुरू केल्यावर पहिल्या महिन्यात ईजीएफआर, म्हणजे किडनीच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज, थोडा खाली येतो. घाबरून गोळी बंद करायची नसते, तो उतरलेला दाब असतो.

तिरकस
पहारेकऱ्याचा भाग माहीत नव्हता. मागे घेतो असं नाही, पण ऐकून घेतलं.

जुनी_पेटी
धागा वाचून आमचं कऱ्हाडचं घर आठवलं. १९७० च्या आसपास घरी ग्लुकोमीटर कुठला! आजोबांची लघवी घरीच तपासायची, आणि ते काम माझ्याकडे होतं, मी दहा-बारा वर्षांची. बेनेडिक्टचं निळं औषध बाटलीत यायचं, कंपाउंडरकडून. परीक्षानळीत एक चमचा निळं औषध, त्यात ड्रॉपरनं मोजून आठ थेंब, आणि लाकडी चिमट्यात धरून स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. नळीचं तोंड भिंतीकडे, कारण एकदा उसळून आईच्या लुगड्यावर उडालं होतं. निळं राहिलं तर आजोबांना जेवणानंतर अर्धा पेढा. हिरवट झालं तर नाही. पिवळं, मग नारिंगी, आणि विटकरी झालं की आजोबा न बोलता उठून अंगणात फेऱ्या मारायला लागायचे.

आता नाडीपरीक्षकांचं वाचून कळलं की निळं राहायचं तेव्हाही आजोबांच्या रक्तात दोनशे असेल! सगळे अर्धे पेढे फुकट गेले म्हणायचे. आजी म्हणायची, नळी कशाला पाहिजे, मोरीत मुंग्या आल्या की समजायचं. वैद्यकाच्या जुन्या ग्रंथांतही मुंग्यांची खूण दिलेली आहेच.

नाडीपरीक्षक
जुनी_पेटी ताई, पेढे फुकट नाही गेले, आजोबांना मिळाले ना. पण हो, त्या काळी लघवीवर इन्शुलिनचे डोस ठरायचे, आणि म्हाताऱ्या माणसांत तो अंदाज बऱ्याचदा चुकायचा. उलटही व्हायचं. गरोदरपणात उंबरठा खाली येतो, रक्त ठीक असूनही नळी हिरवी. काही घराण्यांत हमालच जन्मतः कमी असतात, आयुष्यभर लघवीत साखर जाते आणि त्यांना काहीही होत नाही. ही गोळी सुचली त्यामागे अशी माणसंही आहेत.

औषधवाला
मूळ सुचलं त्याच्याही आधी. १८३५ साली सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून फ्लोरिझिन नावाचा कडू पदार्थ काढला होता. तापावर चालेल असं वाटलं होतं. १८८० च्या दशकात जर्मनीत फॉन मेरिंग यांनी दाखवलं की तो दिला की लघवीतून साखर जाते. पुढे याच मेरिंग आणि मिन्कोव्स्की यांनी १८८९ मध्ये कुत्र्याचं स्वादुपिंड काढलं आणि मधुमेहाचं मूळ तिथे आहे हे दाखवलं. एकाच माणसाचे हात दोन्हीकडे. पण फ्लोरिझिनची गोळी जमेना. आतड्यात तुटायचं, शिवाय एसजीएलटी-१ लाही अडवायचं, तो आतड्यातही असतो, मग जुलाब. फक्त २ नंबरला अडवणारं औषध बाजारात यायला २०१२ उजाडलं.

आणि दुकानदार म्हणून सांगतो, डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट आपल्याकडे २०२० ला संपलं, एम्पाचं मार्च २०२५ ला. पूर्वी चिठ्ठीवर नाव वाचून लोक निम्म्या गोळ्या मागायचे. आता महिन्याच्या घेतात.

पोह्यावर_लिंबू
सफरचंदाची सालं उकळून प्यायली तर?

औषधवाला
झाडाची साल म्हणालो, फळाची नव्हे. आणि पिऊ नका. हा मेसेज उद्या व्हॉट्सअॅपवर आत्याकडून आला तर तुमच्या नावावर लावीन.

संत्रानगरी
मी इथे फारशी लिहीत नाही, पण किडनी आणि साखर म्हटल्यावर राहवलं नाही.

माझ्या सासूबाई इन्शुलिनवर होत्या, दोन वेळचं मिळून ४० युनिट. चार वर्षांपूर्वी अचानक साखर सुधारायला लागली. ४० चे ३२, मग २४. दीड वर्षात १४ वर आल्या. एचबीए१सी ५.९. आम्ही मेथीचं पाणी आणि रोजचं चालणं यांना श्रेय दिलं. सासरे वहीत डोस लिहून ठेवायचे, दर वेळी आकडा खाली आला की त्याखाली लाल पेनानं रेघ मारायचे. कॉलनीत दोघींना त्यांनी मेथी सुरू करून दिली.

मग एका पहाटे त्या घामानं भिजलेल्या सापडल्या, बोलणं जड. साखर ४१. साखरपाणी पाजून शुद्धीवर आणलं. आठवड्यानं पुन्हा तेच. तेव्हा नव्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. क्रिएटिनिन ४.१. त्यांनी वही मागितली, शेवटपासून उलटी चाळली आणि विचारलं, "या दीड वर्षात किडनीची तपासणी एकदाही नाही?" नव्हती. साखर इतकी छान होती की कुणाला सुचलंच नाही. आधीच्या दवाखान्यातही नाही.

आज डायलिसिसवर आहेत, आठवड्यातून दोनदा. ठीक आहेत. मेथीचा डबा सासऱ्यांनी उचलून ठेवला तो अजून तसाच आहे.

नाडीपरीक्षक
ताई, हे लिहिलंत हे फार बरं केलंत. 'साखर आपोआप सुधारली' हे वाक्य ऐकलं की मी आधी क्रिएटिनिन बघतो. टोचलेलं इन्शुलिन मोडून टाकण्याचं बरंचसं काम किडनी करते. ती निकामी होत गेली की तेच इन्शुलिन रक्तात जास्त वेळ टिकतं, तेवढ्याच डोसचा परिणाम दुप्पट. त्यात किडनीचा स्वतःचा साखरेचा कारखाना बंद पडतो, भूकही मरते. तिन्ही मिळून साखर खाली. आणि किडनीच्या आजारात रक्त कमी झालेलं असतं, लाल पेशी कमी दिवस जगतात, त्यामुळे एचबीए१सीही खोटा खाली दिसू शकतो. रेझिस्टन्स सुटल्यामुळे डोस कमी होतो तेव्हा सोबत वजन, कंबर कमी झालेली दिसते, माणूस तरतरीत असतो. हे दोन वेगळे आहेत, वहीतल्या आकड्यात सारखे दिसतात. गोळ्यांनाही हे लागू आहे. ग्लिबेनक्लामाइड अशा किडनीत साचून राहते.

कृष्णाकाठ
ताई, वाचून पोटात गोळा आला. बाबांचं क्रिएटिनिन १.१ आहे, म्हणजे ठीक ना?

नाडीपरीक्षक
६८ वर्षांच्या बारीक माणसाचं १.१ हे तगड्या माणसाच्या १.१ सारखं नसतं. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं, स्नायू कमी तर आकडाही कमी. ईजीएफआर काढून घ्या. आणि त्याहून आधी कळतं ते लघवीतल्या अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) आणि क्रिएटिनिन यांच्या गुणोत्तरावरून, लॅबमध्ये एसीआर म्हणा. ३० च्या खाली ठीक. ३० ते ३०० म्हणजे जाळी झिरपायला लागली. साध्या पट्टीवर हे बहुधा 'निल' येतं. पुन्हा तोच तुमचा 'निल'! टाइप २ मध्ये निदान झाल्या दिवसापासून दर वर्षी करायची असते ही.

बारीक असून रेझिस्टन्स कसा, ते राहिलंच. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघं शेजारी उभे, दोघांचाही बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) २२.३. अंगातली चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के, याज्ञिक २१.२ टक्के. वजनकाट्यावर जुळे, आतून निराळे. याज्ञिकांनी पुण्याजवळच्या गावांत १९९३ पासून बाळंतपणांचा अभ्यास केला, त्यात आपली बाळंही अशीच निघाली: वजनाला हलकी, पण स्नायू कमी आणि चरबी राखलेली. तुमच्या बाबांची कंबर मोजा. ५८ किलोत पोट किती आहे ते कळेल.

कृष्णाकाठ
पोट आहे. सदऱ्याखाली दिसत नाही एवढंच.

अनवाणी
मधे पडतो. ही गोळी घेणाऱ्यांनी नवरात्राचा उपास विचारून करा. मी गेल्या वर्षी नऊ दिवस पाणी आणि दिवसाला एक केळं असा केला. सहाव्या दिवशी उलट्या, धाप. एका रुग्णालयात नेलं, साखर १६८ बघून "पित्त झालंय" म्हणून सलाईन लावून ठेवलं. रात्री ड्युटीवरच्या मुलीनं गोळ्यांची यादी विचारली आणि कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) तपासले. आयसीयूत तीन दिवस.

नाडीपरीक्षक
साखर फारशी वाढलेली नसताना होणारा कीटोअॅसिडोसिस, म्हणजे कीटोन साचून रक्त आम्ल होणं. विरळ आहे पण आहे, आणि आकडा साधा असतो म्हणूनच फसवतो. कडक उपास, उलट्या-जुलाब, ताप येऊन जेवण बंद, अशा दिवसांत ही गोळी थांबवायची असते. ठरलेलं ऑपरेशन असेल तर निदान तीन दिवस आधी. गुडघ्याच्या ऑपरेशनवाल्या काकूंना हे हमखास सांगायचं राहतं. दुसरं, लघवीच्या जागी खाज, बुरशी. साखर जाते तिथे बुरशीची चंगळ. पुरुष महिना-महिना सांगत नाहीत. पाण्यानं धुऊन कोरडं ठेवा आणि सांगा, मलम असतं.

तिरकस
हे मी विचारणारच होतो. मित्रासाठी.

पोह्यावर_लिंबू
मित्राला शुभेच्छा.

कृष्णाकाठ
अपडेट. डॉक्टरांशी बोललो, गोळी पुन्हा सुरू. ते लॅबमधल्या मुलाशीही फोनवर बोलले, त्यानं आज बाबांना "काका, चार प्लस चांगलं असतं" असं सांगून नवा घोळ घातला, तो निस्तरतोय. ईजीएफआर ७१. एसीआर ४८ आलाय. डॉक्टर म्हणाले एका रिपोर्टवर शिक्का मारायचा नाही, तीन महिन्यांत पुन्हा दोनदा बघू, तोवर रक्तदाबाची गोळी बदलून दिलीय. कंबर ९४ सेंमी. भात परत आला, पण अर्धा. चहाचं अजून ठरलेलं नाही.

एक शंका: पुढच्या वेळी नमुना सकाळचा पहिला की कधीचाही चालतो?

नाडीपरीक्षक
सकाळचा पहिला उत्तम. आदल्या दिवशी फार चाललेले नकोत, ताप नको.

कृष्णाकाठ
बाबांनी कॅलेंडरवर १७ तारखेला लिहून ठेवलं: "बाटली. चालू नये." आत्याचा फोन आला होता, ती विचारत होती चालायचं का बंद केलं.